चाकू घेताना आधी नावावर चिकटपट्टी लावा

पुतण्याचा फोन आला. "काका, हरिश्चंद्रगडावर चाललोय, एक घडीचा चाकू घ्यायचाय. कुठल्या कंपनीचा घेऊ?" मी विचारलं, "कापणार काय आहेस?" तर म्हणतो, "ते बघू हो तिथे गेल्यावर. तुम्ही कंपनी सांगा."

चिंचवडच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि हत्यारं बनवतात तिथे, माझी चौतीस वर्षं गेली. डाय-पंच, हार्डनिंग (पोलाद तापवून कडक करणं), ग्राइंडिंग. घरच्या कपाटात लहानमोठे बावीस चाकू आहेत, त्यातले सहा बायकोला माहीत नाहीत. एवढ्या भांडवलावर नात्यातली आणि सोसायटीतली पोरं मला तज्ज्ञ समजतात आणि झाडून सगळी कंपनीचंच नाव विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो. चाकू कसा निवडायचा ते सांगतोच, पण कंपनीच्या प्रेमात पडलेल्या माणसांचं ऐकायचं कसं, ते आधी. कारण चाकूचे आणि बंदुकांचे शौकीन कंपनीवरून जितकं भांडतात, तितकं मी बुलेटवाल्यांनाही भांडताना पाहिलेलं नाही.

सुरुवात माझ्यापासून. १९९१ साली आमच्याकडे प्रेस बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता. तीन आठवडे आम्ही बरोबर काम केलं. जाताना त्याने खिशातला घडीचा चाकू काढून माझ्या हातावर ठेवला. तेव्हापासून मी त्या कंपनीचा भक्त. कंपनी कुठली ते सांगणार नाही, नाहीतर पुढचं सगळं तुम्ही त्याच चष्म्यातून वाचाल.

भक्ती म्हणजे किती, तर ऐका. एकदा त्या चाकूच्या टोकाने मी नारळाचा डोळा उकरत होतो. त्या चाकूला लॉक नाही, पातं फक्त स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. टोकाने दाबून उकरायचं काम अशा चाकूचं नव्हेच, हे मला, आयुष्यभर हत्यारं बनवणाऱ्या माणसाला, कळायला हवं होतं. पातं मिटलं ते तर्जनीवर. चार टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना मी सांगत होतो, "नारळच बेकार होता हो." शेजारी उभी असलेली बायको म्हणाली, "नारळाची कंपनी कुठली होती, विचारून ठेवा."

तर कुणी छातीठोकपणे सांगू लागला की अमुक कंपनीला तोड नाही, तर आधी त्याच्या बोटांवरचे व्रण बघा.

निष्ठा येते कुठून

मुलगी पिट्सबर्गजवळ राहते. २०१९ साली तिच्याकडे चार महिने होतो. शेजारचे आजोबा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, एका शनिवारी मला गन शोला घेऊन गेले. गन शो म्हणजे आपल्या मंगल कार्यालयासारखा मोठा हॉल, त्यात लांबच लांब टेबलं, टेबलांवर हिरवं कापड, कापडावर ओळीने चाकू, आणि त्यांच्या पलीकडे पिस्तुलं, रायफली, काडतुसांचे जुने डबे. बाहेरदेशच्या पाहुण्याने बंदूक हाताळण्याबद्दल तिथला कायदा कडक आहे, म्हणून बंदुकांची टेबलं मी हात पाठीमागे बांधून बघितली, म्युझियममधल्यासारखी. चाकूंना मात्र मनसोक्त हात लावला.

चाकूंच्या टेबलांवर केस कंपनीचं राज्य. ती तिथलीच, पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावची, १८८९पासूनची. तिच्या चाकूंच्या पात्याच्या बुडाशी शिक्का असतो आणि शिक्क्याखाली ठिपके. १९७०च्या चाकूवर दहा ठिपके, मग दरवर्षी एकेक कमी. डोळ्याला भिंग लावून ठिपके मोजत बसलेली चार-पाच म्हातारी मंडळी तिथे होती. त्यातल्या एकाने चाकू कानाजवळ नेला, डोळे मिटले आणि पातं सावकाश उघडलं. पातं एका लयीत सरकलं आणि शेवटी टक्क करून बसलं. त्याने मान डोलावली. केसवाले याला पात्याचं 'चालणं-बोलणं' म्हणतात: चालताना अडखळता कामा नये आणि बसताना आवाज खणखणीत यायला हवा. तबला लावताना तबलजी जसा ऐकतो ना, अगदी तसा चेहरा. मला ते आवडलं. कारण त्या क्षणी तो शिक्का वाचत नव्हता, स्प्रिंगचा ताण आणि रिव्हेटची बसणी तपासत होता, फक्त कानाने. मग मी भोळेपणाने बक या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचं नाव काढलं, "तुम्ही बकचा चाकू नाही का वापरत?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सत्यनारायणाच्या पंगतीत मटण मागितलं.

खरी गंमत पिस्तुलांच्या टेबलावर होती. अमेरिकेत '१९११' नावाचं पिस्तूल आहे. डिझाइन जॉन ब्राउनिंगचं. अमेरिकी सैन्याने ते २९ मार्च १९११ला स्वीकारलं, म्हणून तेच नाव पडलं, आणि १९८५ला बेरेटा हे इटालियन पिस्तूल येईपर्यंत सैन्याचं मुख्य पिस्तूल तेच होतं. लोक त्याला कोल्ट कंपनीचं पिस्तूल म्हणून ओळखतात. पण दुसऱ्या महायुद्धात एकट्या कोल्टकडून गरज भागणार नव्हती, तेव्हा सरकारने तेच ड्रॉइंग इतर कारखान्यांनाही दिलं. आता हे कारखाने कोण, तर एक रेमिंग्टन रँड. म्हणजे आपल्याकडे कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टांच्या पुढ्यात जी काळी मशीन असायची, तो रेमिंग्टन. युद्धकाळात सगळ्यात जास्त पिस्तुलं त्यांनीच बनवली, साडेआठ लाखांहून जास्त. दुसरा युनियन स्विच अँड सिग्नल, रेल्वेचे सिग्नल बनवणारा. त्यांनी सुमारे ५५,००० केली. आणि तिसरा सिंगर! होय, तुमच्या आजीचं शिवणाचं मशीन, तोच सिंगर. त्यांनी सुरुवातीच्या एका ऑर्डरपोटी फक्त ५०० पिस्तुलं बनवली.

सरकारची अट अशी होती की एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्या कारखान्याच्या पिस्तुलात बसलाच पाहिजे. टूलरूमवाल्याला या अटीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही: ड्रॉइंग एक, टॉलरन्स (मापात चालणारी सूट) एक, गेज (माप तपासायचं साधन) एक. तरीही आज रेमिंग्टन रँडची किंमत वेगळी, कोल्टची वेगळी, आणि सिंगरचा शिक्का असेल तर लिलावात एक लाख डॉलरच्याही पुढे बोली जाते. वस्तू तीच. फरक शिक्क्याचा, आणि तो शिक्का किती जणांकडे नाही याचा.

आमच्या शेजारच्या आजोबांकडे युनियन स्विचचं पिस्तूल आहे. त्यांचं ठाम मत, कोल्टपेक्षा हे सरस. मी विचारलं, "ड्रॉइंग एकच असताना सरस कसं?" तेव्हा कळलं, तो कारखाना पिट्सबर्गला लागून असलेल्या स्विसव्हेलमध्ये होता आणि आजोबांचे वडील तिथे ड्रिलवर होते. बराच वेळ विचार करून म्हणाले, "निदान भोकं तरी नक्कीच सरस असतील."

मला त्यांचं पटलं. म्हणजे पिस्तुलाबद्दल नव्हे, माणसाबद्दल. आपल्याकडे ज्याच्या वडिलांची बजाज चेतक होती तो अजून स्कूटरला किक मारून दाखवतोच की. फक्त ऐकणाऱ्याने दोन हिशेब वेगळे ठेवायचे. ही आठवण आहे का मोजमाप? आठवण असेल तर चहा पीत ऐकावी, त्यावर पैसे लावू नयेत.

पलीकडच्या टेबलावर ग्लॉकवाले. १९११वाल्यांचं म्हणणं, आमचं सगळं पोलादी, मॅगझिनमध्ये सातच गोळ्या पण घोडा दाबताना लोण्यासारखा चालतो. ग्लॉकवाले म्हणणार, आमचं प्लास्टिकच्या सांगाड्याचं, पण गोळ्या सतरा आणि चिखलातून काढलं तरी चालतं. हे भांडण तिथे चाळीस वर्षं चालू आहे. ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉकने पिस्तुलाआधी सैन्यासाठी चाकू बनवला होता, १९७८चं मॉडेल. पिस्तूल सैन्यात गेलं १९८२ला. म्हणजे ग्लॉकचा चाकू पिस्तुलापेक्षा थोरला. आणि गोळी सुटल्यावर नळी मागे सरकून किंचित कलते आणि स्लाइडपासून, म्हणजे वरच्या सरकत्या भागापासून, सुटते, ही ग्लॉकमधली युक्ती मुळात ब्राउनिंगचीच, सुधारून घेतलेली. दोन्ही पंथांचा मूळपुरुष एकच. मी हे बोलून दाखवलं, तर दोन्ही टेबलांवरचे एकदम माझ्यावर नाराज झाले. तेवढ्यापुरती त्यांची एकी झाली.

असंच स्वित्झर्लंडमध्येही झालं. तिथल्या सैन्याला चाकू पुरवणाऱ्या कंपन्या दोन, व्हिक्टोरिनॉक्स आणि वेंगर. सैन्याची ऑर्डर दोघींत वाटलेली. मग जाहिरातीत एकीने 'ओरिजिनल' म्हणायचं आणि दुसरीने 'जेन्युइन', असा तोडगा निघाला. आपल्याकडे 'मूळ दुकान' आणि 'जुने प्रसिद्ध दुकान' शेजारीशेजारी असतात, त्यातलाच प्रकार. २००५ला व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली, पुढे वेंगरच्या नावाने चाकू बनणं थांबलं, आणि तेव्हापासून वेंगरवाल्यांची निष्ठा दुप्पट झाली. बंद पडलेल्या कंपनीवर माणूस जेवढं प्रेम करतो तेवढं चालू कंपनीवर करत नाही. तिचं नवीन मॉडेल येऊन निराशा करण्याची भीतीच नसते.

शौकिनाला काय विचारायचं

"सगळ्यात चांगला कुठला?" असं विचारलंत की मेलात. अर्धा तास जाईल. त्याऐवजी विचारा, "तुमच्याकडचा कुठला चाकू तुम्ही विकलात किंवा देऊन टाकलात? आणि का?" इथे माणूस खरं बोलतो. कुणी सांगेल, क्लिप खिशाचं कापड फाडायची. कुणी म्हणेल, धार टिकायची खूप, पण गेली की परत लावता यायची नाही. दुसरा प्रश्न, "रोज खिशात कुठला असतो?" काचेच्या कपाटातला आणि खिशातला चाकू सहसा वेगळ्या कंपनीचे निघतात. तिसरा प्रश्न विचारूच नका. ऐका.

चिकटपट्टीची परीक्षा

आमच्या टूलरूममध्येही पंथ होते. मिट्युटोयो या जपानी कंपनीचे भक्त दुसऱ्या कुठल्या मायक्रोमीटरला (बारीक जाडी मोजायचं साधन) हात लावत नसत. वाद हातघाईवर आला की आमचे फोरमन काही न बोलता स्लिप गेजची, म्हणजे अचूक मापाच्या पोलादी ठोकळ्यांची, पेटी आणून ठेवायचे. पंचवीस मिलीमीटरचा गेज दोन्ही मायक्रोमीटरमध्ये धरा, काय वाचतो ते बघा, विषय संपला. चाकूला असा गेज नाही, म्हणून मी एक घरगुती परीक्षा काढली.

रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी घ्यायची आणि पात्यावरचं नाव, मुठीवरचं चिन्ह, सगळं झाकायचं. अडचण एवढीच की शौकिनाला नाव झाकून उपयोग नाही, तो मूठ बघूनच ओळखतो. म्हणून परीक्षकच असा घ्या की ज्याला कंपन्या माहीत नाहीत. मी बायकोला आणि तिच्या भिशीतल्या दोन मैत्रिणींना बसवलं. चार चाकू. चारही चाकूंची धार मी आदल्या दिवशी एकाच दगडावर, जमेल तितकी एकसारखी लावली होती. हे महत्त्वाचं, नाहीतर तुम्ही चाकूची नाही, कारखान्यातल्या धार लावणाऱ्याची परीक्षा घेता.

कापायला दिलं ते असं: पिकलेला टोमॅटो, काकडी, जाड पुठ्ठ्याच्या वीस पट्ट्या, काथ्याची दोरी, आणि परत टोमॅटो. शेवटचा टोमॅटो विसरू नका. पहिल्या टोमॅटोत सगळेच हुशार. पुठ्ठा धार खातो, त्यामुळे पुठ्ठ्यानंतर टोमॅटोच्या सालीवरून कोण घसरतो ते बघायचं.

तिघींनीही काकडीला एकच चाकू उचलला, लाकडी मुठीचा, सगळ्यात स्वस्तांपैकी एक. तो ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा आठ नंबर होता. मायक्रोमीटर लावला तर पातं पावणेदोन मिलीमीटरच्या आतबाहेर, आणि धारेकडे कागदासारखं उतरत गेलेलं. दुसऱ्याचं पातं तीन मिलीमीटर जाड. बायको म्हणाली, "हा कापत नाही, फोडतो." अगदी बरोबर. कितीही भारी स्टील असलं तरी जाड पातं काकडीत पाचरीसारखंच जाणार. धारेच्या लगेच मागे पातं किती पातळ आहे, त्यावर कापणं ठरतं. किती वेळ कापत राहील, ते स्टीलवर आणि हार्डनिंगवर. आपण दुकानात विचारतो मात्र तिसरंच.

जाड पात्याचीही बाजू असते. १९६४ला आलेला बकचा ११० नंबर घ्या. पितळी टोकं, लाकडी बाजू, तीन मिलीमीटरचं पातं, मागे लॉक. तो हरणाची शिकार करणाऱ्यांसाठी बनवला. त्यांना कमरेला लावता येईल आणि हाडाला लागला तरी टोक टिकेल असा चाकू हवा होता. काकडी त्यांच्या गावीही नव्हती. म्हणून मी पुतण्याला विचारत होतो, कापणार काय? गडावर तो काकडी, कांदा, लिंबू, दोरी आणि चिवड्याची पाकिटं कापणार आहे. हरीण नाही.

स्टीलचं नाव आणि भट्टी

हल्ली पात्यावर कंपनीबरोबर स्टीलचंही नाव कोरतात आणि शौकिनांचे नवे पंथ त्या नावांवरून पडलेत. त्यातलं 'डी-टू' म्हणजे आपलं जुनं एचसीएचसीआर, हाय कार्बन हाय क्रोमियम हो! दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. आयुष्यभर मी त्याचे पंच बनवले. एवढं क्रोमियम असून ते पुरतं स्टेनलेस नाही, कारण बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये, कार्बनशी जुळलेल्या कठीण कणांत, अडकून बसतं. सह्याद्रीच्या पावसात दोन दिवस ओलं राहिलं तर तांबूस ठिपके येणार. पुसून ठेवणाऱ्याने घ्यावं, विसरभोळ्याने नाही.

आणि स्टीलचं नाव म्हणजे फक्त शिधा. स्वयंपाक भट्टीत होतो. आमच्याकडे एकाच सळईतून कापलेले दोन पंच असायचे. एक लाखभर ठोके मारायचा, दुसरा हजारात तडकायचा, कारण टेम्परिंगला, म्हणजे कडक केलेलं पोलाद पुन्हा थोडं तापवून चिवट करायला, कुणीतरी घाई केलेली. मी एकदा ऑनलाइन अगदी स्वस्तात डी-टूचा चाकू मागवला, कंपनीचं नाव नको. जुन्या कामावरच्या मित्राकडे नेऊन कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनवर ठेवला. साठच्या आसपास अपेक्षा होती. आकडा आला बावन्न. नाव डी-टूचं, भट्टी कुणाच्या चुलीची कोण जाणे.

उलट बक वर्षानुवर्षं ४२०एचसी हे अगदी साधं स्टील वापरत आलंय. शौकीन त्याला नाक मुरडतात. पण त्याचं हीट ट्रीटमेंट, म्हणजे भट्टीतलं काम, पॉल बॉस नावाच्या माणसाने बसवलेल्या पद्धतीने होतं, आणि तिथले जाणकार स्टीलआधी बॉसचं नाव घेतात. भट्टीवाल्याचं नाव पात्यावर कोरलेलं पाहून मला भरून आलं होतं. आमच्या हीट ट्रीटमेंटवाल्या मामांचं नाव कुणी गेटपासवरसुद्धा नीट लिहिलं नाही.

फार कठीण स्टीलच्या मागे लागू नका, हे माझं मत. व्हिक्टोरिनॉक्स आपली पाती साधारण ५६ रॉकवेलवर ठेवते, म्हणजे मऊच. धार लवकर उतरते, पण चहाच्या कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पाच-सात वेळा घासली तरी परत येते. गडावर कप असतो. डायमंडचा दगड नसतो.

साधं कार्बन स्टील घेतलंत तर पहिल्याच लिंबाला पातं काळं पडेल. घाबरून घासू नका. तो काळपट थर राहू द्या, तोच पुढे गंजापासून वाचवतो. फक्त कापलेल्या लिंबाला लोखंडाची चव लागते, ती पहिले काही दिवस चालवून घ्यायची. आजीच्या विळीवर वाढलेल्यांना हे सांगायला नको.

लॉक तपासताना

माझी तर्जनी आठवा आणि मग वाचा. घडीच्या चाकूत ढोबळ दोन जाती: लॉक असलेले आणि नसलेले. लॉक नसलेला हलका, सोपा, फळं कापायला उत्तम, पण टोकाने खुपसायचं, उकरायचं काम त्याला द्यायचं नाही. लॉकचे प्रकार बरेच आहेत. बकच्या ११०सारखा पाठीवरचा, आतल्या पट्टीने अडवणारा, आणि ओपिनेलची १९५५ला आलेली फिरती कडी, जी मला सगळ्यांत आवडते, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नाही. कडी फिरवायला मात्र दोन्ही हात लागतात आणि माणूस फिरवायला विसरतो. लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते आणि पातं घट्ट बसतं. ओपिनेल जिथला, त्या फ्रान्समधल्या साव्हॉय भागातले लोक मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठोकतात, पातं डोकं वर काढतं.

दुकानात हे करा. चाकू पूर्ण उघडा, लॉक बसू द्या. बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला, मूठ फक्त तळव्यात आणि अंगठ्यात. आता पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर टेकवून हळूहळू दाब द्या. दणके मारू नका. काही लोक मारतात, त्याने चांगलं लॉकही खराब होतं. जरा जरी सरकलं तरी चाकू परत ठेवा, नाव कुठलंही असो. मग पातं वर-खाली आणि डाव्या-उजव्या बाजूला हलवून बघा. आडव्या दिशेत किंचित हललं तर स्क्रू आवळून सुधारतं. उभ्या दिशेत हललं तर दोष लॉकमध्येच, सोडून द्या. शेवटी मिटलेला चाकू समोरून बघा, पातं दोन बाजूंच्या मधोमध बसतंय का. नावाजलेल्या कंपनीचा चाकू संशय येण्याइतका स्वस्त मिळत असेल, तर ही मधली फट आणि शिक्क्याच्या अक्षरांच्या कडा नीट निरखा. नकली मालात अक्षरं पसरट असतात, आणि नकली माल नेहमी मोठ्या नावाचाच निघतो.

धार तुमची, कंपनीची नाही

दुकानातून आलेली धार महिनाभर टिकते. पुढची धार तुम्हाला लावायची आहे, आणि ती येत असेल तर निम्मे ब्रँड आपोआप सारखे होतात. पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळीत कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड मागा, एक बाजू जाड, एक बारीक. दगड पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा.

कोन साधणं हेच काय ते अवघड. त्याला युक्ती अशी: धारेच्या उताराला दोन्ही बाजूंनी काळा मार्कर फासा. दगडावर चार हात मारा आणि बघा. शाई फक्त वरच्या, पाठीकडच्या कडेची गेली तर पातं फार आडवं धरलंय. फक्त खालच्या, धारेच्या कडेची गेली तर फार उभं. सगळा उतार स्वच्छ झाला की तो तुमचा कोन, मनगट तिथेच गोठवा. एका बाजूने घासत राहा. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला, पाठीकडून धारेकडे अंगठा अलगद नेलात तर बारीक खरखर लागेल. तो 'बर', घासून पलीकडे वळलेली धातूची बारीक कोर. तो पूर्ण लांबीवर आला की बाजू बदला. बर आला नाही तर धार अजून झालेली नाही, कितीही चकाको. मग बारीक बाजूवर तेच, शेवटी अगदी हलक्या हाताने एक-एक हात आळीपाळीने, आणि जुन्या कमरपट्ट्याच्या आतल्या खरखरीत बाजूवर न्हाव्यासारखे वीस-पंचवीस उलटे हात. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापा. सरळ गेला तर झालं.

खोबरेल लावून ठेवू नका, सांध्यात गोंदासारखं चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल दोन थेंब. फळं कापायचा असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम २०१६नुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू हत्यारांत मोडतात. घरगुती, शेती किंवा कारखान्याच्या कामाचे त्यातून वगळलेत. आपला तीन इंची चाकू यात येत नाही. पण तो सॅकच्या तळाशी ठेवावा, कमरेला मिरवू नये. विमानाला जाताना चेक-इनच्या सामानात. आणि बटण दाबून उघडणारे रामपुरी छापाचे खटक्याचे चाकू हौसेनेही घेऊ नका, नाक्यावरच्या पोलिसाला आपण संग्राहक आहोत हे पटवायला फार वेळ लागतो. बंदुकांचं तर बोलायलाच नको, आपल्याकडे परवान्याशिवाय तो विषय लांबून बघायचा.

पुतण्या परवा घरी येऊन गेला. चिकटपट्टी लावलेले चारही चाकू त्याच्यापुढे ठेवले, काकडी दिली, दोरी दिली. त्याने लाकडी मुठीचा उचलला, मग कडी फिरवायला विसरला, म्हणून खाली ठेवला आणि दुसरा घेतला. तो दुसराच त्याने पक्का केला. पट्टी काढल्यावर नाव वाचून चेहरा जरा पडला, मित्रांत सांगण्यासारखं ते नाव नव्हतं. जाताना चपला घालता घालता म्हणाला, "काका, आता तरी सांगा, तुमची कंपनी कुठली?"

मी म्हटलं, "रविवारी ये, दगड भिजत घालून ठेवतो. येताना अर्धा किलो टोमॅटो आण, पिकलेले."